एक वर्ष नुसती धार

नमस्कार मंडळी.

आज सकाळी भाजी चिरताना विळीला धार होती का हो? नसणारच. पूर्वी सायकलला दगडाचं चाक बांधून धारवाला गल्लीत यायचा. तो कधी यायचा बंद झाला, आपल्याला कळलंसुद्धा नाही. आता आपण टोमॅटो चिरत नाही, चेंगरतो. असो. धारेचा विषय मुद्दाम काढलाय, तो जरा लक्षात ठेवा.

आजची गोष्ट एका जपानी सुताराची. नाव त्सुनेकाझु निशिओका. जन्म 1908चा, नारा शहराजवळच्या इकारुगा गावातला. या गावात होर्यूजी नावाचं बौद्ध मंदिर आहे. जगात आज उभ्या असलेल्या लाकडी इमारतींमध्ये सगळ्यांत जुन्या इमारती तिथल्या. तेराशे वर्षं! पुन्हा सांगतो, तेराशे वर्षं, आणि लाकूड. निशिओकांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या या मंदिराचं सुतारकाम करणारं. आजोबा तिथले मुख्य मिस्त्री, वडीलही मुख्य मिस्त्री. घराण्याचा दंडक असा, की देवाच्या घराला हात लावणाऱ्याने माणसांची घरं बांधायची नाहीत. इतका कडक, की निशिओकांनी स्वतःचं राहतं घरसुद्धा दुसऱ्या सुताराकडून बांधून घेतलं.

आजोबांनी नातवाला कुठल्या शाळेत घालावं? शेतकी शाळेत! वडिलांना तंत्रशाळा हवी होती. आजोबांचं म्हणणं, झाड मातीतून येतं. माती कळली नाही तर लाकूड काय कळणार? शाळा संपल्यावर पोराला भातशेती करायला लावली. पोराने पुस्तकाबरहुकूम शेती केली आणि पीक आलं शेजाऱ्यांपेक्षा कमी. आजोबा म्हणाले, तू भाताशी बोलत नव्हतास, पुस्तकाशी बोलत होतास. (आमच्याकडे आजोबा असं बोलले तर नातू कानात इअरफोन घालतो.)

1934 साली होर्यूजीची मोठी दुरुस्ती सुरू झाली, ती पन्नासेक वर्षं चालली. मध्ये महायुद्ध आलं, निशिओकांना सैन्यात जावं लागलं, परत येऊन पुन्हा कामाला लागले. पाच मजली मनोरा अक्षरशः सुटा केला, खांब, तुळया, वासे, सगळं. छपरावरची कौलं आणि माती उतरवली, तर इतकी शतकं भाराने वाकलेले वासे हळूहळू पुन्हा वर उचलले गेले. हे लाकूड हिनोकीचं, सरूच्या कुळातलं. वरचा काळा थर रंध्याने काढला की आत ताजा सुगंध. तेराशे वर्षांनी! आपल्याकडे वाड्यांचे सागवानी खांब असेच आतून जिवंत असतात, पण आपण त्यांना ऑइलपेंट फासतो. आणि देवळाच्या दगडी गाभाऱ्यात बाथरूमच्या फरश्या लावतो. कुणाला लावायच्या असतील तर खुशाल लावा, पण त्याला कृपा करून जीर्णोद्धार म्हणू नका.

तर आता धार. मला खरं हेच सांगायचं होतं.

1960च्या दशकात मित्सुओ ओगावा नावाचा शाळकरी मुलगा सहलीला होर्यूजीत आला. मनोऱ्याकडे बघत राहिला. यंत्रं नाहीत, क्रेन नाही, आणि त्या काळात माणसांनी हे उभं केलं कसं? पोराच्या डोक्यात भुंगा शिरला. शाळा संपल्यावर शोधत शोधत तो निशिओकांच्या दारात गेला आणि म्हणाला, मला शिष्य करा. त्या वेळी एवढा मोठा मिस्त्री काय करत होता माहीत आहे? भांड्यांची लाकडी झाकणं! देवळांची कामंच नव्हती. म्हणाले, मलाच काम नाही, तुला काय देऊ? आधी हत्यारं चालवायला शिक, जा.

दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. हा काही वर्षं इथे तिथे सुतारकाम शिकला आणि 1969 साली परत आला. आता जवळच्या होरिनजी मंदिराचा मनोरा बांधायचा होता, जुना वीज पडून जळाला होता. निशिओका म्हणाले, हत्यारं दाखव. त्याने पटाशी पुढे केली. त्यांनी एकदा बघितली आणि बाजूला टाकून दिली. शब्द नाही! मग म्हणाले, कोठाराचा माळा झाड.

पोरगा केरसुणी घेऊन वर गेला. बघतो तर निशिओकांची हत्यारं तिथे, मनोऱ्याचे नकाशे तिथे. म्हणजे माळा झाडायला सांगणं ही परवानगीच होती, की आता तुला हे बघता येईल. तोंडाने मात्र तसं काही म्हणाले नाहीत.

मग नियम सांगितला. एक वर्ष टीव्ही नाही. वर्तमानपत्र नाही. आणि, मंडळी, रेडिओसुद्धा नाही! (इथे मला त्यांचा थोडा राग आहे.) एक वर्ष फक्त हत्यारांना धार लावायची. एक वर्ष, फक्त धार.

पण धार कशी लावायची ते सांगितलंच नाही. एकदा, एकदाच, त्यांनी स्वतः रंधा ओढला. जपानी रंधा आपल्यासारखा पुढे ढकलत नाहीत, अंगाकडे ओढतात. लाकडाचा लांब, पारदर्शक पापुद्रा निघाला. तो त्याच्या हातात दिला: असा काढायचा. झालं, शिकवणी संपली!

ओगावाने तो पापुद्रा खिडकीच्या काचेला चिकटवला. रोज रात्री धार लावायची, रंधा ओढायचा, स्वतःचा पापुद्रा त्याच्याशेजारी धरून बघायचा. जाड. पुन्हा निसण्यावर बसायचं. पुन्हा जाड. पुन्हा बसायचं. माझ्या डोळ्यांसमोर नेहमी ती खिडकी येते. बाहेर थंडी, आत पोरगा, आणि काचेला उजेडात चिकटलेलं ते लाकडाचं पान. एखाद्या दिवशी वाटत असेल, जमलं बुवा, आणि सकाळच्या उन्हात बघावं तर आपलं पान गुरूच्या पानाशेजारी गोणपाटासारखं.

पुढे हाच ओगावा निशिओकांच्या हाताखाली तयार झाला आणि 1977 साली त्याने देवळांच्या सुतारांचा स्वतःचा गट सुरू केला. तिथेही नवी पोरं आधी धारच लावतात.

वेळ संपत आली, एवढं एकच सांगतो. नाराच्याच याकुशीजी मंदिरात जुना पूर्व मनोरा उभा आहे, पश्चिमेचा जळून गेला होता. तो निशिओकांनी 1981 साली नव्याने उभा केला आणि जुन्यापेक्षा मुद्दाम फूटभर उंच ठेवला. का? तर काही शतकांत लाकूड आटेल, इमारत स्वतःच्या भाराने बसेल, आणि मग दोन्ही मनोरे एका उंचीचे होतील. निशिओका 1995 साली गेले. मनोरा अजून उंचच आहे.

नमस्कार.