तोडा, रंजक आणि लॉर्ड मेयरची बग्गी

(मिरवणूक. चाकं, टापा, भाल्यांची टोकं.)

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. लंडन सिटीचे नवे लॉर्ड मेयर राजनिष्ठेची शपथ घ्यायला निघाले आहेत. बग्गी १७५७ सालची, सोनेरी, सहा घोड्यांची. गर्दीतले सगळे मोबाइल तिच्याकडे वळलेत. आपण जरा चाकांच्या बाजूला बघू.

पोलादी टोप, छाती-पाठीवर चिलखत, हातात भाला. त्यांच्या जोडीला रुंद काठाच्या टोप्या घातलेले बंदूकवाले. वेश सतराव्या शतकातला, राजा पहिला चार्ल्स याच्या काळचा. हे लॉर्ड मेयरचं मानाचं संरक्षक पथक : कंपनी ऑफ पाईकमेन अँड मस्केटिअर्स. यातलं कुणी भाड्यानं आणलेलं नाही. हे सगळे ऑनरेबल आर्टिलरी कंपनी या रेजिमेंटचे जुने सैनिक.

(सनद, जुनी चित्रं.)

ब्रिटिश लष्करातली ही सर्वांत जुनी रेजिमेंट. २५ ऑगस्ट १५३७ रोजी आठव्या हेन्रीनं तिला सनद दिली. तेव्हा ती होती नेमबाजीचा सराव करणाऱ्या लंडनकरांची मंडळी : कुणाकडे धनुष्यबाण, कुणाकडे हातबंदूक. सनदेतली दोन कलमं तर ऐकलीच पाहिजेत. सराव करताना चुकून कुणाचा जीव गेला आणि आधी ‘फास्ट’ अशी आरोळी दिलेली असली, तर नेमबाजावर खटला नाही. दुसरं कलम कपड्यांचं. रेशीम, मखमल, भरतकाम, काय हवं ते घाला. वर्ज्य फक्त जांभळा आणि किरमिजी. आता या पथकाचे कोट बघा. लालच लाल!

(आर्मरी हाऊस, म्हणजे रेजिमेंटच्या मुख्यालयाचं मैदान. कवायत.)

कोट शिंप्याकडून शिवून घेता येतो, कवायत अंगात मुरवावी लागते. या पथकाची कवायत एका छापील पुस्तकातून आली आहे. विल्यम बॅरिफ हा याच कंपनीचा माणूस. तरुण सैनिकांसाठी त्यानं लष्करी शिस्तीचं पुस्तक लिहिलं, ते १६३५ मध्ये निघालं. जुन्या लढायांचे वेश करणारी मंडळी युरोपात पुष्कळ आहेत. पण आपल्याच संस्थेतल्या माणसाचं पुस्तक उघडून त्याच्याच हुकुमांवर पावलं टाकायची, हे भाग्य फार थोड्यांचं.

(बंदूक. जवळून.)

ही तोड्याची बंदूक. त्या काळी आपल्या गडांवर होती, तिचीच विलायती बहीण. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली दोरी. पेटवली की ज्योत न धरता धुमसत राहते. आता हात बघा. डाव्या हाताच्या बोटांत पेटता तोडा, त्याच हातात बंदूक, आणि काम सगळं दारूचं! छातीवरच्या पट्ट्याला लाकडी कुप्या लटकताहेत. एका कुपीत एका बाराची दारू.

आधी नळीच्या कानाजवळच्या, म्हणजे तिच्या बाजूच्या बारीक भोकाजवळच्या, वाटीत रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू. वाटी झाकायची. बाहेर सांडलेले दाणे फुंकून उडवायचे. यासाठी वेगळा हुकूम आहे, आणि तो विसरणाऱ्याच्या भुवया जळतात. मग बंदूक उभी करायची, कुपी नळीत रिकामी करायची, गोळी, वर बोळा. गज काढा, ठासा, गज परत जागेवर. आता तोडा फुंकून लाल करायचा, घोड्याच्या चापात बसवायचा, तो नेमका वाटीत पडतो का हे पाहायचं. बंदूक जड, म्हणून ती दुबेळक्या काठीवर टेकायची. वाटी उघडा. नेम. बार!

(धूर.)

गोळी अर्थातच नाही. बाकी सगळं तसंच.

इतका वेळ बंदूकवाला उघडा पडतो. घोडेस्वार चालून आले तर त्याला वाचवणार कोण? म्हणून भालेकरी. कागदावर भाल्याची लांबी १६ फूट. घोडदळासमोरची त्यांची बैठक पाहा : भाल्याचं बूड उजव्या पावलाशी रोवलेलं, डाव्या हातानं दांडा तिरका धरलेला, गुडघा वाकलेला, आणि उजवा हात तलवारीच्या मुठीवर.

(हॉलमधलं जुनं चित्र.)

वेश करून लढाई खेळायची हौससुद्धा इथं जुनीच. १८ ऑक्टोबर १६३८ रोजी मर्चंट टेलर्स हॉलमध्ये या मंडळींनी लुटुपुटूची लढाई लावली. एका बाजूला त्यांच्या काळची हत्यारं घेतलेले सैनिक, समोर ‘सॅरासन’, म्हणजे जुन्या युरोपाच्या बोलीतले मुस्लिम योद्धे, बनलेले त्यांचेच सोबती. बॅरिफनं त्याचंही वर्णन छापून ठेवलं. म्हणजे आज ज्यांचा वेश केला जातो, तेही वेश करतच होते.

चार वर्षांत खरं यादवी युद्ध आलं, राजा विरुद्ध पार्लमेंट. १६४२ मध्ये टर्नहॅम ग्रीनला लंडनच्या नागरी पलटणींनी राजाची फौज अडवली, पुढच्या वर्षी न्यूबरीला रक्त सांडलं. पुढे बंदुकीच्या टोकाला संगीन आली आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला भाला इंग्रजी सैन्यातून गेला.

(१९२५. छायाचित्रं.)

मधली दोनशेहून अधिक वर्षं हे पथक नव्हतंच! बग्गीशेजारी त्याला पाहून वाटतं की ते अखंड चालत आलं असावं; तसं नाही. पथक उभं राहिलं १९२५ मध्ये, आणि उभं करणारी रेजिमेंट पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून आलेली होती. एकट्या फ्रान्समधल्या गाव्रेलला, एप्रिल १९१७ मध्ये, तिच्या पोलार्ड आणि हेन या दोन अधिकाऱ्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. १९५५ मध्ये पथकाला शाही अधिकारपत्र मिळालं.

रेजिमेंट आजही ब्रिटिश लष्कराच्या राखीव दलात आहे. या रांगेत यायचं, तर आधी तिथं आजची बंदूक चालवून झालेली लागते. तोड्याची मग हातात मिळते.