चर आणि चरा

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन ज्येष्ठांनी या टेबलाकडे बघून कपाळाला आठ्या घातलेल्या मला इथून दिसताहेत, म्हणून आधी त्यांच्याशी बोलते. कापून, जोडून, चिकटवून इथे ज्या रेकॉर्डी मांडल्यात, त्यांतली एकही कापताना धड वाजण्याच्या अवस्थेत नव्हती. चांगली रेकॉर्ड मी कापत नाही. मिरज इथून, सांगलीहून, हाकेच्या अंतरावर आहे. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, दरवर्षी तिथे गाणं होतं. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचा आवाज आज आपल्या कानावर पडतो तो तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांमुळे. अशा ठिकाणी राहून तबकडीला करवत लावायची, तर का लावली याचं उत्तर द्यावं लागतं. ते द्यायलाच मी आले आहे.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, स्पीकरचा धंदा होता. लग्न, मुंज, जत्रा, गणपती, कुठेही दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्डींची लोखंडी पेटी घेऊन ते जायचे. एकच सनईची रेकॉर्ड हंगामात शंभर लग्नांत वाजायची. पिन जुनी, धूळ भरपूर, मांडवाखालून कुणी पळालं की सुई उडायची. तीन-चार वर्षांत त्या रेकॉर्डीतून सनईपेक्षा खरखरच जास्त यायची. तरी अण्णांनी एकही टाकली नाही. गावभागातल्या आमच्या घराच्या खालच्या खोलीत भिंतीला टेकवून रेकॉर्डी उभ्या असायच्या.

मग २०१९चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इथल्या कुणाला मी ते आठवडे नव्याने सांगायला नकोत. पाणी उतरल्यावर खालच्या खोलीत गेलो तर गुडघाभर गाळ, आणि गाळात काळ्या चकत्या. कागदी कव्हरांचा लगदा झाला होता. लेबलं सुटून गेली होती, काही भलत्याच रेकॉर्डीला जाऊन चिकटली होती. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, त्याला पाण्याने काही होत नाही, पण बारीक रेती घासून पार चरे पडले. वर आम्हीच घाईत त्या गच्चीवर उन्हात वाळत घातल्या आणि त्या पापडासारख्या वाकल्या. पुराने जेवढं केलं नाही तेवढं आमच्या गच्चीने केलं, हे मला अजून लागतं.

मराठीत चर म्हणजे खोदलेली लांब खाच आणि चरा म्हणजे ओरखडा. दोन शब्दांत एका कान्याचा फरक. रेकॉर्डीवर गाणं असतं ते चरात. एका बाजूला एकच चर, कडेपासून लेबलापर्यंत गुंडाळत गेलेला. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डीवर तीन मिनिटांत सुई दोनशे चौतीस फेरे मारते. एलपी, म्हणजे नंतरची लाँग प्ले रेकॉर्ड, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. चराच्या भिंती आवाजाच्या हुकुमाने नागमोडी कापलेल्या असतात. सुईला ती वळणं आणि चरा यांतला भेद कळत नाही, दोन्हींवर ती सारखीच हलते. गाळातल्या रेकॉर्डी पुसून अण्णांच्या जुन्या प्लेअरवर लावल्या, तेव्हा दर फेऱ्याला ठराविक जागी ‘टक्’ यायचं. मी सातवी-आठवीपर्यंत तबला शिकले होते. तो ‘टक्’ मला समेसारखा, तालाच्या पहिल्या मात्रेसारखा ऐकू आला. काम सुरू झालं ते तिथून.

हे करणारी मी पहिली नाही. लाझ्लो मोहोली-नॉज या हंगेरियन चित्रकाराने १९२२ सालीच लिहिलं होतं की ध्वनिमुद्रण न करता तबकडीवर हाताने चर कोरावेत आणि त्यातून नवा आवाज काढावा. पॅरिसमध्ये पिएर शेफर या संगीतकाराने १९४८ साली चराचं तोंड त्याच्याच शेपटीला मिळवलं, म्हणजे सुई पुढे न सरकता तेवढाच तुकडा घोळवत राहते. प्रागचा मिलान क्निझाक साठच्या दशकात रेकॉर्डी फोडायचा, जाळायचा, चार तुकडे चिकटवून वाजवायचा. आणि जिनिव्हात वाढलेला कलावंत ख्रिश्चन मार्क्ले. १९८०पासून काही वर्षं त्याने वेगवेगळ्या रेकॉर्डींचे तुकडे एकमेकांत बसवून नव्या तबकड्या केल्या. त्या बघायलाही सुंदर आहेत आणि वाजतातही. १९८५ साली त्याने एक रेकॉर्ड मुद्दाम कव्हराशिवाय विकायला काढली, हाताळताना आणि नेता-आणताना जे चरे पडतील ते तिच्या संगीतात जमा व्हावेत म्हणून. हे मी वाचलं तेव्हा खालची खोली आठवली. कृष्णेने आमच्या सगळ्या पेटीवर तेच केलं होतं. फरक एवढाच की आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

आता कापायचं कसं. गरम सुरीने किंवा तापलेल्या तारेने कापायला जाऊ नका, आणि लेझरवाल्याकडे तर नेऊच नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, फुप्फुसाला आणि यंत्रालाही घातक. मी सोनाराची बारीक करवत वापरते. सराफ कट्ट्यावरच्या एका कारागिराने मला ती धरायला शिकवली: पातं उभं, हात सैल, जोर अजिबात नाही, पात्यालाच चालू द्यायचं. तोंडाला मास्क. वाकलेली रेकॉर्ड आधी दोन काचांमध्ये दाबून, हळूहळू कोमट करून सपाट करावी लागते.

जोडताना सगळ्यांची चूक होते ती जाडीत. दोन रेकॉर्डींची जाडी कधी सारखी नसते. टेबलावर ठेवून जोडल्या तर तळ सपाट होतो आणि वर पायरी पडते, त्या पायरीवर सुई मोडते. म्हणून वाजणारी बाजू खाली करून तुकडे काचेवर मांडायचे आणि पाठीकडून एपॉक्सी गोंदाने सांधायचे. करवत स्वतःच अर्धा मिलिमीटर खाते, तेव्हा प्रत्येक तुकडा चिमूटभर मोठा कापायचा आणि मग पॉलिशपेपरवर घासत बसवायचा. वाजवायला जुना सिरॅमिक कार्ट्रिजचा प्लेअर घ्या; कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग. घरातल्या चांगल्या प्लेअरची नाजूक सुई यावर ठेवू नका.

मला पुष्कळ जण विचारतात, तुकडा उलटा लावला तर गाणं उलटं वाजतं का? नाही. दोन्ही बाजूंचे चर आपापल्या बाजूने बघितले तर एकाच दिशेने फिरतात. तुकडा पालथा केला की मागच्या बाजूचं गाणं सरळच वाजतं. पण सांध्यावर खरी गंमत आहे. या तुकड्यातला चर पुढच्या तुकड्यातल्या चरासमोर नेमका कधीच येत नाही. सुई जवळच्या चरात उतरते, कधी आतल्या, कधी बाहेरच्या. चर तिला दर फेऱ्याला एक घर आत नेतो आणि सांधा एक घर बाहेर ढकलतो, असं झालं की ती तिथेच अडकते आणि तासभर तोच फेरा वाजत राहतो. शेफरने मेहनतीने केलं ते इथे सांध्याच्या चुकीने होतं.

ऐका. ही आठ तुकड्यांची आहे. अण्णांच्या प्लेअरला सोळाचा, म्हणजे मिनिटाला सोळा आणि दोन तृतीयांश फेऱ्यांचा वेग आहे, त्यावर एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागतात, म्हणजे मात्रेला ०.४५. मध्य लयीतला आठ मात्रांचा केहरवा. सनईचे तीन तुकडे, दोन कुठल्यातरी सिनेमातल्या व्हायोलिनचे, दोन बाईच्या आवाजाचे, आणि एक निव्वळ खरखरीचा. …ऐकलंत? चौथ्या-पाचव्या आवर्तनानंतर पाय हलायला लागले होते काहींचे.

आता ही सात तुकड्यांची. सात मात्रांचा रूपक ताल. रूपकची सम ‘खाली’च्या मात्रेवर येते, म्हणजे जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात तिथे; तबला येणारे जाणतात. म्हणून समेच्या जागी मी ॲक्रिलिकचा कोरा तुकडा बसवला, त्यावर चरच नाही. मला वाटलं होतं तिथे फक्त शांतता येईल. पण चर नसला की सुईला धरून ठेवणारं काही नसतं. ती आतल्या बाजूला घसरते आणि पुढच्या तुकड्यात कितव्या चरात उतरेल ते सांगता येत नाही. त्यामुळे ही तबकडी दोनदा सारखी वाजलेली मी तरी ऐकलेली नाही. खालीतून बाहेर येताना गवई कुठला सूर धरणार हे आपल्याला माहीत नसतं, तसंच. हे मी ठरवून केलेलं नाही, हातून झालं. पण झाल्यावर ते ओळखता आलं याचा मला आनंद आहे.

डोळ्यांसाठी काम करते तेव्हाही आधी उन्हात बघते. रेकॉर्ड तिरकी धरली की गाणं दिसतं. जिथे आवाज चढलाय तिथे चर थरथरलेला, पृष्ठभाग राखाडी. जिथे शांत, तिथे काळाभोर, गुळगुळीत. कधी लय आणि फेऱ्याचा वेग जुळून आला तर किरणांसारख्या पट्ट्याही दिसतात. त्या मागच्या भिंतीवरची मोठी चौकट नदीची आहे. लाटा म्हणजे रेकॉर्डींच्या कापलेल्या कमानी, खालच्या राखाडी, वरच्या काळ्या. रंग एकही लावलेला नाही. रेकॉर्डीची भिंतीवरची घड्याळं करून विकतात, त्यांच्याबद्दल मला विचारू नका असं मी म्हणणार होते, पण सांगतेच: मला ती बघवत नाहीत. त्यांत रेकॉर्ड म्हणजे नुसता काळा पत्रा होतो. तिच्यात काय होतं हे कापणाऱ्याने ऐकलेलंच नसतं.

जुन्या ७८च्या रेकॉर्डींचं वेगळं. त्या व्हिनाइलच्या नाहीत, लाखेच्या. दगडाची पूड घातलेली चपडा लाख. करवत लावली की काचेसारख्या फुटतात, म्हणून मी त्या कापत नाही. पुरात आधीच फुटल्या त्यांचेच तुकडे वापरते. ही लाख आपल्याच देशातल्या झाडांवरच्या किड्यांची. हीच चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार पॉलिश करतात, तंबोऱ्यालाही तेच पॉलिश चढतं. एका संध्याकाळी मिरजेत एका कारागिराच्या दुकानात भोपळ्यावर बोळा फिरताना बघत होते आणि तोच वास आला, फुटक्या तबकडीला येतो तो. गाणं ज्याच्यासमोर बसून गायलं त्याच्या अंगावर लाख, आणि ते गाणं ज्याच्यात उतरलं त्याचं अंगही लाखेचं. त्या दिवसापासून लाखेचा कणही मी कचऱ्यात टाकलेला नाही.

अण्णांना हे सगळं पटलं का? पहिल्यांदा करवत लावली तेव्हा ते खोलीतून उठून गेले. “गाणं कापायचं नसतं गं,” एवढंच म्हणाले. मग त्यांनीच अट घातली: आधी पूर्ण ऐकायची, दोन्ही बाजू, कितीही खरखर असली तरी. कोण गातंय, काय गातंय, मधल्या काळ्या पट्टीत कोरलेला नंबर काय, हे वहीत लिहायचं. मगच करवत. ती वही मी आजही चालवते. खरं सांगते, कापायला लागल्यापासून मी जेवढ्या रेकॉर्डी शेवटपर्यंत ऐकल्या तेवढ्या आधीच्या आयुष्यात ऐकल्या नव्हत्या.

त्या वहीतल्या एका नोंदीपुढे नाव नाही. ही बघा, ही लाखेची. अण्णांनी एका वाड्यातून रद्दीच्या भावाने घेतली होती. लेबल पुरात गेलं. आपल्याकडे तबकड्यांसाठी मुद्रणं सुरू झाली १९०२ साली, कलकत्त्यात; गौहर जान त्या पहिल्या काही गायिकांपैकी एक. तेव्हा तबकड्या जर्मनीत, हॅनोवरला बनायच्या. तिथल्या माणसांना कुणाचं गाणं आहे ते कळावं म्हणून गाणारी शेवटी आपलं नाव मोठ्याने सांगायची. लेबल धुऊन गेलेल्या काही तबकड्यांवरची नावं आम्हाला अशीच मिळाली, शेवटी खणखणीत बोललेली. पण हिच्या लेबलाजवळच टवका उडालाय. गाणं संपतं, बाई श्वास घेतात, आणि सुई टवक्यात पडते.

आवाज स्वच्छ आहे. भैरवी आहे, बहुधा. मी वाजवते. ज्येष्ठांनी जरा पुढे येऊन बसा, आणि कुणाला ओळखता आल्या बाई, तर गाणं चालू असतानाच हात वर करा.