आगपेटीची काडी कोणी लावली?

(सुपरवायझर, ठेकेदार आणि छोट्या कारखानदारांसमोर मुंबईत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पॉवर प्रेस चालताना जवळून किती जणांनी बघितलंय? अरे वा, बरेच हात वर आले, म्हणजे साकीनाका आणि वागळे इस्टेटच्या कारखान्यांतली मंडळी आलेली दिसतायत. ज्यांनी नाही बघितलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खाली डाय म्हणजे साचा असतो, वरून रॅम म्हणजे जड ठोकळा धाडकन येतो, मध्ये पत्रा ठेवला की एका स्ट्रोकला एक पीस. हात मध्ये सापडू नये म्हणून दोन बटनं दिलेली असतात, दोन हातांनी दोन्ही दाबायची, म्हणजे रॅम खाली येताना दोन्ही हात बाहेरच राहणार. साधी आणि फार हुशार सोय आहे ही. आणि मग एखाद्या गाळ्यात जाऊन नीट बघा, एका बटनात आगपेटीची काडी खोचलेली असते नाहीतर वरून टेप मारलेली असते, म्हणजे ते दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा, तो पत्रा सरकवतोय आणि दुसरा खटाखट बटन दाबतोय.

बोट गेलं की रिपोर्टात काय लिहितात ते तुम्हाला पाठ आहे. 'कामगाराचा निष्काळजीपणा'. फाईल बंद.

मला यातला निष्काळजीपणा हा शब्दच पटत नाही, कारण तो माणूस काळजी करतच असतो हो, फक्त दुसऱ्या गोष्टीची. पीस रेटवर आहे, हातावर पोट आहे, गावी पैसे पाठवायचेत. त्यात बटनं बसवलीत खांद्याच्या उंचीला, दर स्ट्रोकला दोन्ही हात वर न्यायचे, संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. काडी लावली की खांद्यांना आराम, पीस वाढले, पैसे वाढले आणि सुपरवायझर पण खूष. आणि बोट? बोट काय रोज जात नाही. किराणाच्या दुकानात पाटी असते बघा, 'आज रोख उद्या उधार', तसं आहे हे, शॉर्टकटचा फायदा रोखीत हातात पडतो आणि धोका सगळा उधारीवर, वर्ष वर्ष कोणी वसुलीला येतच नाही, मग माणसाला वाटायला लागतं की ही उधारी माफच झालीय.

वागणुकीचा अभ्यास करणारे लोकही हेच सांगतात, की जे फळ लगेच आणि हमखास मिळतं तेच वागणं टिकतं, उशिरा आणि कदाचित मिळणाऱ्या फळाची भीती फार दिवस पुरत नाही. पोस्टर, शपथ, 4 मार्चचा सुरक्षा दिवसाचा बिल्ला, हे सगळं काम सुरू व्हायच्या आधीचं झालं. काम करताना हाताला काय मिळतं त्यावर वागणं ठरतं. त्या दिवशी बिल्ले जरूर लावा, माझं काही म्हणणं नाही, पण बिल्ल्याने काडी निघत नाही.

तुम्ही कुठल्या तरी ट्रेनिंगमध्ये ऐकलं असेल की 88 टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात. हा आकडा हाइनरिक नावाच्या अमेरिकन गृहस्थांचा, 1931 सालच्या पुस्तकातला. ते विमा कंपनीत होते, त्यांनी विम्याचे दावे आणि कारखान्यांचे अपघात रिपोर्ट चाळून तो काढला. आता मला सांगा, रिपोर्ट कोण लिहितं? सुपरवायझर. आणि सुपरवायझर कधी लिहिणार आहे का की टार्गेट मीच वाढवलं होतं म्हणून? तरी तो आकडा आज पण स्लाईडवर असतो.

मग करायचं काय? वडाळ्याचं उदाहरण घ्या, आपल्या हार्बर लाईनचं. लोक रूळ ओलांडून मरत होते. बोर्ड होते, दंड होता, अनाउन्समेंट होती, पूल पण होता, आणि पब्लिक रूळातूनच जात होतं. 2009-10 च्या सुमारास मुंबईतल्याच वागणुकीवर काम करणाऱ्या एका फर्मने तिथे एक प्रयोग केला. त्यांनी लोकांना शहाणपण शिकवलं नाही, त्यांनी आधी हे बघितलं की लोक फसतात कुठे. मोठी वस्तू समोरून येताना आपल्याला असते त्यापेक्षा हळू वाटते, म्हणून लोकल लांब आहे असं वाटतं आणि माणूस पाय टाकतो. मग त्यांनी रुळांखालचे काही आडवे स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे ते पिवळे पट्टे भराभर गाडीखाली जाताना दिसले की वेग डोळ्याला कळतो. लांबलचक शिट्टीऐवजी दोन छोट्या शिट्ट्या, कारण मधल्या गॅपमुळे कान टवकारतात. आणि गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या घाबरलेल्या चेहऱ्याचे फोटो, ओळीने. तिथले मृत्यू बरेच कमी झाले. खर्च काय, तर रंगाचा डबा आणि फोटो! (पुलाच्या पायऱ्या कमी दमवणाऱ्या असत्या तर आणखी फरक पडला असता असं माझं मत, पण तो विषय वेगळा.)

प्रेसचं पण असंच. अशी सर्किट्स मिळतात की दर स्ट्रोकनंतर दोन्ही बटनं सोडून परत एकाच वेळी दाबल्याशिवाय मशीन हलतच नाही, मग काडी लावून उपयोगच काय. बटनं खाली कंबरेपाशी आणा. पत्रा सरकवायला घसरगुंडी किंवा चिमटा द्या. आणि रेट असा ठरवा की दोन्ही बटनं वापरून पण माणसाचा दिवस भरतो. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, मला माहितीय, मालक लोक आत्ताच खाली बघायला लागलेत.

बिल्डिंगच्या साईटवर तर रोजचं आहे, परांचीवरचा माणूस बेल्ट घालतो आणि हुक तसाच लोंबकळत असतो. ओरडण्याआधी वर मान करून बघा, हुक अडकवायला लाईफलाईन बांधलीय का? बऱ्याचदा नसतेच. मग तो हुक कशाला अडकवणार, हवेला? आणि बांधलेली असेल तरी साहेब स्वतः हेल्मेट काखेत मारून, फोनवर बोलत, 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणत उघड्या डक्टच्या कडेने जातो, ते खालची पन्नास माणसं बघत असतात, आणि त्यांचं खरं ट्रेनिंग तिथेच होतं.

आता गेटवरचा तो बोर्ड, 'अपघाताविना इतके दिवस'. त्यावर बक्षीस लावलं की अपघात कमी होतील का माहीत नाही, रिपोर्ट नक्की कमी होतात. बोट चेपलं तर रुमाल गुंडाळून पोरगं गप्प बसतं, कारण सगळ्यांची मिठाई जाईल. आपल्याकडे म्हण आहे ना, पुढच्यास ठेच मागचा शहाणा, पण पुढच्याने ठेच लपवली तर मागचा शहाणा होणार कसा? 14 एप्रिल 1944 ला आपल्या मुंबई बंदरातल्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला, एकाच बोटीत कापूस आणि दारूगोळा. आगीची बोंब दुपारी दोनच्या सुमारास झाली, पण त्याआधीच आसपासच्या काही लोकांना धूर दिसला होता. कोणी सांगितलं नाही, प्रत्येकाला वाटलं ज्याचं त्याला माहीत असेल. चारनंतर बोट उडाली, अग्निशमन दलाचे 66 जवान गेले.

मागून प्रश्न आलाय की दंड लावावा की नाही. लावा, पण ज्याला नियम पाळता येत होता आणि तरी मुद्दाम मोडला त्यालाच, आणि त्याच चुकीसाठी इंजिनियरला पण तेवढाच. आणि दंडाच्या आधी एक करा, उद्या सकाळी कारखान्यात गेलात आणि काडी दिसली तर ती काढून खिशात टाकू नका, त्या माणसाला बाजूला घेऊन विचारा, बाबा रे, ही नसली तर काय त्रास होतो, आणि तो जे सांगेल ते लिहून घ्या. पहिल्यांदा तो काहीच सांगणार नाही, 'कुछ नहीं साब' म्हणेल. तिसऱ्या-चौथ्यांदा बटनाच्या उंचीवर येईल, मग वेल्डरला बोलावून ते बटन त्याच आठवड्यात खाली घ्या, पुढच्या बजेटची वाट बघू नका.