मागितली मुदत, मिळाली माफी

(दृश्य: सीताबर्डीचा बाजार. दुकानांच्या पाट्यांवरून फिरत कॅमेरा 'सोनेतारण कर्ज' या अक्षरांवर थांबतो.)

'तारण' हा शब्द नागपूरच्या मुलांना आधी इथे भेटतो. सोनं ठेवा, कर्ज न्या. रविवारी सदर भागातल्या चर्चमध्ये तोच शब्द उपदेशातून कानावर पडतो: येशूने आपलं तारण केलं, म्हणजे आपल्याला पापातून सोडवलं. चौदा-पंधरा वर्षांच्या डोक्यात हे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी पडून राहतात आणि ते कुणी सोडवून देत नाही. मग देवाकडेही काहीतरी ठेवावं लागतं असं वाटू लागतं. चांगली वागणूक, न चुकवलेली उपासना, पाठ केलेली वचनं.

चर्चमधला तरुण संघ चालवणाऱ्यांनी हा गुंता सोडवायला येशूचा एक दाखला, म्हणजे बोधकथा, घ्यावी: बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय १८, वचनं २१ ते ३५. दहा-बारा मुलं, ४५ मिनिटं, खडू आणि फळा. मोबाइल बाजूला. एप्रिल-मे महिन्यांत वर्ग सकाळी साडेसातलाच घ्या. उपासनेनंतर पत्र्याच्या खोलीत बसवलं तर लक्ष फक्त पंख्याकडे असतं.

(दृश्य: फळा. गुणाकार मांडणारे हात.)

दाखल्यातल्या चाकरावर राजाचं देणं आहे १०,००० टॅलेंट. एक टॅलेंट म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची रोजी. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातले मजूर तेवढ्यावरच कामाला लागतात. गुणाकार मुलांना करू द्या. उत्तर येतं ६ कोटी दिवस. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर २ लाख वर्षं. रोजी ५०० रुपये धरली तर ३,००० कोटी रुपये.

इथे घाई नको. शून्यं चुकतील, मुलं एकमेकांना दुरुस्त करतील, कुणीतरी परत पहिल्यापासून मोजेल. त्या खटपटीतच आकड्याचं वजन कळतं. शिकवणाऱ्याने उत्तर आयतं सांगितलं की ते वहीत उतरतं, मनात उतरत नाही.

राजा हुकूम देतो: हा माणूस, त्याची बायकामुलं, असेल नसेल ते विका. विकूनही भागणार नाही हे फळ्यावर दिसतंच आहे. तारण ठेवायला त्याच्याकडे काहीच उरलेलं नाही. आता २६ वं वचन सावकाश वाचा. चाकर पाया पडतो, पण मागतो काय? थोडं सांभाळून घ्या, सगळं फेडतो. २ लाख वर्षांचं देणं, आणि तो मुदत मागतोय.

(दृश्य: काटोल रस्ता. संत्र्याची बाग, मग कपाशी.)

ज्यांच्या आजोबांची शेती काटोल, उमरेडकडे आहे, त्यांना इथला फरक चटकन कळतो. कर्जाचं पुनर्गठन झालं की हप्ते बदलतात, पण सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यातला बँकेचा बोजा तसाच राहतो. चाकराने पुनर्गठन मागितलं होतं. राजाने सातबारा कोरा केला.

ही तुलना मात्र एका ठिकाणी तुटते, आणि ते मुलांना सांगायलाच हवं. सरकारी कर्जमाफीला निकष असतात, पात्रतेच्या याद्या असतात. २००८ च्या केंद्राच्या योजनेत पूर्ण माफी २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना होती. विदर्भातल्या कोरडवाहू जमिनी मोठ्या, म्हणून इथले कितीतरी जण त्या रेषेबाहेर राहिले. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आठव्या-नवव्या वचनांत प्रेषित पौल सांगतो की तारण कृपेने आहे, विश्वासाच्या द्वारे आहे, ते देवाचं दान आहे. कर्मांनी मिळत नाही, म्हणून कुणाला मिरवताही येत नाही. देवाच्या पात्रतेच्या यादीत आपलं नाव बसेल का, ही धाकधूक घेऊन मुलं चर्चला येतात. परीक्षेत कमी पडलेलं मूल तर हमखास. ही दोन वचनं त्याच्यासमोर, त्याच्याकडे बघून वाचा.

मग कुणीतरी विचारतं: ते ३,००० कोटी गेले कुठे? नाही विचारलं, तर तुम्ही विचारा. वर्गातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे. पैसे हवेत विरले नाहीत. तो तोटा राजाने स्वतः सोसला. वधस्तंभ, म्हणजे येशूचा क्रूस, समजावताना इथूनच पुढे जा. कलस्सैकरांस पत्रात, दुसऱ्या अध्यायात, आपल्याविरुद्धचा ऋणलेख खिळे ठोकून वधस्तंभावर टांगल्याचं चित्र आहे. आणि रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय म्हणतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. सुधारल्यावर नाही. 'कृपा फुकट आहे' एवढंच सांगून थांबलं तर ती मुलांना स्वस्त वाटते. किंमत कुणी भरली, हे त्याच वर्गात सांगायला हवं.

काही जण सत्ताविसाव्या वचनावरच पुस्तक मिटतात, कारण पुढचा भाग कठोर आहे. माफी मिळालेला चाकर बाहेर पडतो आणि १०० दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. मघाच्याच हिशोबाने ५०,००० रुपये. ही रक्कम लहान नाही. आपल्याला झालेली इजा खरीच असते, हे मान्य करा. सोबतीही मुदतच मागतो, जवळजवळ त्याच शब्दांत. आम्हाला वाटतं, चाकराचा माफीवर विश्वासच बसला नव्हता. तो अजून वसुलीच्याच हिशोबात जगत होता. हे कळल्यावर राजा त्याला सगळं देणं फिटेपर्यंत छळ करणाऱ्यांच्या हाती देतो. ही शेवटची शिक्षा मुलांना घाबरवते. ती झाकू नका, पण दाखल्याची सुरुवात येशूचा शिष्य पेत्र याच्या प्रश्नाने झाली होती, याची आठवण करून द्या: भावाला किती वेळा क्षमा करू?

(दृश्य: नागपूर रेल्वे स्थानक. सुटणारी गाडी.)

वर्ग संपताना 'कोण येशूला स्वीकारतं?' म्हणून हात वर करायला लावू नका. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका परक्या प्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, दिला. टिळक वाचत गेले, त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारले गेले, तरी त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत. तुमच्या वर्गातही बौद्ध, हिंदू मैत्रिणी-मित्र येतात. त्यांच्या आईवडिलांना वर्गाची माहिती असू द्या, आणि दारातून परत जाण्याची मोकळीक प्रत्येकाला असू द्या.

आणखी एक चूक फार महागात पडते. क्षमेचा धडा ऐकून एखादं मूल मागे रेंगाळतं आणि घरात किंवा शिकवणीत त्याला कुणी मारतं, नको तिथे हात लावतं, असं सांगतं. त्याला 'क्षमा कर' म्हणू नका. दाखल्यात देणं उघड मांडलं गेलं, मग माफ झालं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका. मुलावरचा लैंगिक अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या) कायद्याने बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. हा क्रमांक वर्गाच्या दाराजवळ, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.