तळपायापासून सुरुवात

माझ्याकडे कातडी तपासून घ्यायला येणारी बरीच माणसं एका तिळावर बोट ठेवूनच आत येतात. "डॉक्टर, हा बघा." मी बघते. बहुतेक वेळा तो साधा तीळ असतो, त्यांना हायसं वाटतं आणि ती उठायला लागतात. तेव्हा मी म्हणते, आता बूट-मोजे काढा. कित्येकांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसतं. हाताच्या तिळाचा आणि मोज्यांचा काय संबंध? संबंध असा की हातावरचा तीळ तुम्हाला रोज दिसतो, तळपाय दिसत नाही. तुमची नजर जिथे आपोआप जाते तिथे माझी फारशी गरज नाही.

मग त्वचेच्या कर्करोगासाठी प्रत्येकानेच अशी तपासणी करून घ्यावी का? याबाबत देशोदेशी मतं वेगळी आहेत. जर्मनीत 2008 पासून पस्तिशीपुढच्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी त्वचेची तपासणी करून घेता येते. उलट, अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कार्यदलाने 2023 मध्ये सांगितलं की कोणतीही तक्रार नसलेल्या सर्वसामान्य लोकांच्या सरसकट तपासणीचा फायदा जास्त की तोटा, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. हे मला प्रामाणिक वाटतं. तपासणीला तोटेही असतात: निरुपद्रवी तीळ कापले जातात, व्रण राहतात, अहवाल येईपर्यंत झोप उडते. पण हे विधान सर्वसामान्य जोखमीच्या माणसांबद्दल आहे. घराण्यातच हा आजार असल्यामुळे जे आधीपासून देखरेखीखाली आहेत, त्यांना ते लागू नाही. मी आज बोलते आहे ती जास्त जोखमीच्या माणसांसाठी, आणि अडचण हीच की त्यांतल्या अनेकांना आपण त्या यादीत आहोत हे माहीतच नसतं.

यादीतली काही नावं तुमच्या कानावर असतील. ज्यांना एकदा त्वचेचा कर्करोग होऊन गेला, ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, झाला, ज्यांच्या अंगावर पन्नासहून जास्त तीळ आहेत किंवा आकाराने-रंगाने विचित्र तीळ आहेत, ज्यांची कातडी फार गोरी आहे आणि उन्हात लगेच भाजते. कातडी सावळी करून घेण्यासाठी अतिनील दिव्यांच्या पलंगावर झोपण्याची चाल काही देशांत आहे. त्या यंत्रांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 मध्ये, माणसाला कर्करोग होतो हे नक्की ठरलेल्या गोष्टींच्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे.

आता ज्यांना कुणी सांगत नाही त्यांच्याबद्दल बोलते. मूत्रपिंड किंवा दुसरा एखादा अवयव बदललेला माणूस. नवा अवयव टिकावा म्हणून त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलेली असते, त्यामुळे बिघडलेल्या पेशींवरचा पहाराही ढिला पडतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या प्रकाराचा धोका अशा माणसांत इतरांपेक्षा पासष्ट पटीच्याही वर जातो. त्यांचं सगळं लक्ष मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर असतं. कानाच्या पाळीवरच्या खरखरीत खपलीकडे कोण बघतो? दुसरा गट म्हणजे जुन्या भाजल्याच्या व्रणाची माणसं. लहानपणी पाय भाजला, कातडी ताणलेली, चकचकीत राहिली, आणि तीस वर्षांनी त्याच जागी एक जखम झाली जी भरतच नाही. अशी एक बाई माझ्याकडे आली तेव्हा ती दीड वर्ष मलम लावत होती. "तिथली कातडी नाजूकच आहे, असं होतंच," असं ती म्हणाली. ते होत नसतं. व्रणावरची जखम महिनाभरात भरली नाही, तर तिचा तुकडा तपासायलाच हवा. अल्बिनिझम असलेली, म्हणजे जन्मतःच कातडीत रंग नसलेली किंवा फार कमी असलेली माणसं आणि वर्षानुवर्षं आर्सेनिक असलेलं पाणी प्यायलेली माणसंही याच रांगेत.

"काळ्या-सावळ्या कातडीला हा आजार होत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा मला राग येतो. कमी होतो, हे खरं. पण जेव्हा मेलॅनोमा होतो तेव्हा तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, म्हणजे ऊन लागतच नाही अशा जागी. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यात तो 1977 मध्ये सापडला आणि 1981 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते गेले. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर तपकिरी रेघा असतात, त्यांना घाबरू नका. एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत चालली किंवा तिचा रंग नखामागच्या कातडीवर उतरला, तर मात्र थांबू नका. आणि तपासणीला येताना नेलपॉलिश काढून या.

घरी महिन्यातून एकदा, चांगल्या उजेडात, तळपायापासून सुरुवात करा. बोटांच्या बेचक्या, पोटऱ्यांची मागची बाजू, पाठ दोन आरशांत, टाळू भांग पाडत पाडत दुसऱ्या कुणाकडून. दोन्ही बाजू सारख्या नसणं, ओबडधोबड कडा, एकाच तिळात दोन-तीन रंग, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा आकार या खुणा उपयोगाच्या आहेत. पण मला त्याहून जास्त भरवशाची वाटते ती दुसरीच गोष्ट. एका माणसाच्या अंगावरचे तीळ भावंडांसारखे असतात, एकाच तोंडवळ्याचे. त्यांत परका कोण, ते शोधा. तो गुलाबी असेल, त्यात काळा रंग अजिबात नसेल, तरीही. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा. तीन महिन्यांपूर्वी तो केवढा होता हे आपल्याला आठवत नाही.

दवाखान्यात मी डर्मोस्कोप लावते. साधारण दहापट मोठं दाखवणारं हे भिंग कातडीवरची चकाकी घालवतं आणि आतल्या रंगाची जाळी दिसते. शंका आली तर जागा बधिर करून तुकडा काढायचा, एक-दोन टाके. मेलॅनोमा होऊन गेलेल्यांना मी पहिली काही वर्षं तीन ते सहा महिन्यांनी बोलावते, अवयव बदललेल्यांना वर्षातून एकदा तरी.

आणि अहवालात मेलॅनोमा आलाच, तर त्यात मिलिमीटरमधला एक आकडा शोधा. गाठ कातडीत किती खोल गेली याचं हे माप अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 मध्ये मांडलं. आकडा एकच्या आत असेल तर बहुतेकांना भोवतालच्या सेंटिमीटरभर कातडीसह ती जागा काढून टाकणं पुरतं. तो चारच्या पुढे गेला की गोष्ट लसिका गाठी, स्कॅन आणि दीर्घ औषधोपचारांवर जाते. पहिल्या आकड्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर नखाच्या अर्ध्या रुंदीएवढंही नाही.