मिनीमूग : एका आवाजाच्या तीन किमती

(पडद्यावर लाकडी चौकटीतले, काळ्या पॅनलचे एक वाद्य दिसते. एक हात फिल्टरचा नॉब सावकाश फिरवतो आणि दबलेला स्वर उजळत जातो.)

हे मिनीमूग मॉडेल डी, विजेच्या साहाय्याने स्वर घडवणारा सिंथेसायझर, थोडक्यात सिंथ. रॉबर्ट मूग यांच्या न्यूयॉर्क राज्यातील कंपनीने ते १९७० साली घडवले. त्याआधी सिंथेसायझर म्हणजे कपाटाएवढी यंत्रणा आणि तिचे भाग जोडणाऱ्या वायरींचे जंजाळ होते. मिनीमूगमध्ये ही जोडणी आतच करून ठेवलेली असल्यामुळे वादकाला ते उचलून कार्यक्रमाला नेता येऊ लागले. मूळ स्वर निर्माण करणारे तीन ऑसिलेटर, त्यांचा आवाज दबका किंवा उजळ करणारा एक फिल्टर, ४४ पट्ट्या आणि एका वेळी एकच स्वर, एवढाच त्याचा पसारा होता. सुरुवातीची किंमत होती १,४९५ डॉलर.

त्याच धाटणीचा आवाज अलीकडच्या काळात तीन अगदी वेगळ्या किमतींना मिळू लागला. मूग कंपनीने २०२२ मध्ये पुन्हा बनवायला घेतलेले मॉडेल डी ४,९९९ डॉलरना विक्रीस आले. बेहरिंगर कंपनीने त्याच मांडणीवर बेतलेली, पट्ट्या नसलेली लहान पेटी सुमारे ३०० डॉलरमध्ये आणली. आणि खुद्द मूग कंपनीने २०१८ मध्ये आयपॅड व आयफोनसाठी काढलेले ॲप साधारण १५ डॉलरना मिळत होते. पहिल्या आणि शेवटच्या किमतीत तीनशे पटींहून अधिक अंतर आहे, आणि हे अंतर नेमके कशाचे आहे, ते आपल्याला पाहायचे आहे.

प्रथम आवाज पाहू. मूळ वाद्यातील ऑसिलेटर तापमानानुसार किंचित सरकतात, त्यामुळे त्यांचे सूर एकमेकांशी काटेकोर जुळलेले राहत नाहीत. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांपैकी एक जरा उतरली की जशी संथ लाट ऐकू येते, तशीच लाट येथेही उमटते. हा दोष होता, म्हणूनच सूर लावण्यासाठी पॅनलवर ४४० हर्ट्झचा संदर्भस्वर देणारे बटण बसवलेले होते. आज सॉफ्टवेअरमध्ये तीच अस्थिरता मुद्दाम घातली जाते. फिल्टर अगदी टोकाला नेऊन झपाट्याने फिरवला तर फरक कधी कधी जाणवतो. परंतु ढोलक, बास आणि गायन मिसळलेल्या पूर्ण गाण्यात तो ओळखता येईल, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

सोयींच्या बाबतीत सॉफ्टवेअर निर्विवादपणे पुढे आहे. मिनीमूगला स्मरणशक्ती नाही: एखादा आवाज जमला की प्रत्येक नॉब कुठे होता, हे वादक कागदावर टिपून ठेवत, आणि ४,९९९ डॉलरच्या नव्या वाद्यातही आवाज साठवण्याची सोय नाही. ॲपमध्ये मात्र शेकडो आवाज साठवता येतात आणि एका वेळी चार स्वर वाजतात. संगणकावरील प्लगइन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा सिंथ, तर एकाच गाण्यात पाच-सहा ठिकाणी उघडता येते.

आपल्या संगीतासाठी त्याहून मोलाची एक गोष्ट आहे. सर्ज एक्सटी हा सिंथ विनामूल्य आणि मुक्त स्रोत आहे, आणि त्यात सप्तकाच्या बारा समान भागांखेरीज अन्य स्वरस्थानांची फाइल भरता येते. तोडीतला अतिकोमल गांधार ज्याला हवा आहे, त्याला तो पट्टीवर नेमका बसवता येतो. फुकटच्या सिंथमध्ये ही सोय असावी, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

(पडद्यावर दोन्ही हात पॅनलवर दिसतात.)

मग पैसे कशाचे? मुख्यतः या हातांचे. मिनीमूगवर प्रत्येक कामाला स्वतंत्र नॉब आहे. एक हात फिल्टर उघडत असताना दुसरा स्वर वाकवतो आणि नजर पॅनलकडे न नेताही बोटांना जागा ठाऊक असतात. माउसने एका वेळी एकच नॉब धरता येतो. नॉब असलेला मिडी कीबोर्ड (स्वतः आवाज न काढता संगणकाला स्वरांचे संकेत पाठवणारा) ही उणीव बरीचशी भरून काढतो, पण तेथे कोणता नॉब काय करतो, हे दर सिंथगणिक नव्याने ठरवावे आणि लक्षात ठेवावे लागते.

सॉफ्टवेअरची किंमत मोजताना संगणक आणि ऑडिओ इंटरफेस (संगणकातला आवाज स्पीकरपर्यंत पोहोचवणारे उपकरण) धरले पाहिजेत. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे सूक्ष्म मापे, हाताळत असेल आणि बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी साठवण्याची तात्पुरती जागा, २५६ नमुन्यांचा असेल, तर केवळ त्या बफरमुळे आवाज सुमारे सहा मिलिसेकंद उशिरा येतो. बफर कमी केला की संगणकावरचा ताण वाढतो. दुसरीकडे, परदेशातून वाद्य मागवणाऱ्याला वाहतूक आणि सीमाशुल्क भरावे लागते आणि दुरुस्ती करणारा जाणकार शोधावा लागतो.

वार्धक्य दोघांनाही येते, मात्र वेगवेगळ्या रीतीने. २०१९ मध्ये ॲपलने आपल्या संगणकप्रणालीतून ३२-बिट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, सॉफ्टवेअरचा आधार काढून घेतला, तेव्हा निर्मात्यांनी अद्ययावत न केलेली प्लगइन्स एका अपडेटनिशी मुकी झाली. पन्नास वर्षांपूर्वीचे मिनीमूग मात्र सुटे भाग बदलून आजही वाजते, आणि मूळ किमतीहून जास्त दराने विकले जाते.

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या ज्युपिटर-८ हा सिंथ, टीबी-३०३ हे बासचे यंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र या तीन यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्यांतील टीबी-३०३ची स्लाइडची सोय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, आणि मींडेच्या जवळ जाणारी ही चाल त्या रागांना साजून दिसली. बाजारात न चालल्यामुळे १९८४ मध्ये निर्मिती थांबलेले हे यंत्र जुन्या बाजारात स्वस्तात विकले गेले. पुढे शिकागोच्या नृत्यसंगीताने ते उचलून धरले आणि त्याचा भाव गगनाला भिडला. यंत्र तेच होते, एकही सोय वाढलेली नव्हती.

म्हणून पहिल्यांदा सिंथ घेणाऱ्याने सर्ज एक्सटी आणि नॉब असलेला साधा मिडी कीबोर्ड घेऊन वर्षभर वाजवावे. त्या वर्षात आपला हात वारंवार कोणत्या नॉबकडे जातो, हे कळेल. तो नॉब ज्या यंत्रावर सर्वांत चांगला बसवला आहे, त्याच यंत्रासाठी मग पैसे साठवावेत.