हिमनदी फुटत नाही

बसा मंडळी, मागे जागा आहे अजून. कार्डावर विषय छापलाय ‘तापतं जग आणि बर्फाचे धोके’, तिकडे येतोच, पण आधी एक शब्द गेली काही वर्षं मला छळतोय तो तुमच्यापुढे मांडू दे. ‘हिमनदी फुटली.’ ७ फेब्रुवारी २०२१, रविवारची सकाळ, उत्तराखंडातल्या चमोलीत अचानक पूर. टीव्हीवर दिवसभर हीच पट्टी. मी न राहवून एका चॅनेलला फोन केला, म्हटलं अहो फुटायला तो फुगा आहे का, तर तिकडून उत्तर आलं की सर, लोकांना असंच पटकन समजतं. अहो, पटकन समजतं पण चुकीचं समजतं! फुटली म्हटलं की माणूस तलाव शोधायला लागतो, पाणी कुठे साठलं होतं, बांध कुठे फुटला. आणि तिथे फुटायला तलावच नव्हता.

मग झालं काय? रोंटी शिखराच्या उतारावरून कड्याचा अख्खा तुकडा सुटला, वर बर्फ, खाली खडक, मिळून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर, त्यातला ८० टक्के दगडच. साधारण १८०० मीटर खाली आला. आता हे नीट ऐका, इतक्या उंचीवरून घासत आदळत येताना जी उष्णता तयार झाली तिनेच त्यातला जवळजवळ सगळा बर्फ वितळवला, म्हणजे पूर वाटेतच तयार झाला! पाऊस नाही काही नाही, आणि ऋषिगंगेत चिखलाची भिंत. २०० हून जास्त माणसं गेली, त्यातली कितीतरी तपोवनच्या जलविद्युत प्रकल्पावर कामाला होती.

आता हा वाडगा. काल ओली वाळू नि खडी भरून फ्रीजरमध्ये ठेवला होता, इथे आल्यावर टेबलावर पालथा घातला. पुढच्या रांगेतल्या ताईंनी मघाशी दाबून बघितलं, दगडच आहे म्हणाल्या. आता कडेला चकाकी आलीय बघा. हा खालचा खडा मी नखाने ढकलतो... सुटला. बर्फ अजून आहे आत, तरी सुटला. उंच डोंगरातल्या भेगांमधला बर्फ असाच डिंकासारखा असतो, उणे दहाला घट्ट आणि शून्याजवळ आला की वितळायच्या आधीच ढिला. एकट्या चमोलीचं खापर सरळ तापमानवाढीवर फोडता येत नाही, ते मी करणारही नाही, पण जगभर हा डिंक ढिला होतोय.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. बरं, भरभर सांगतो. हिमनद्या मागे हटल्या की पुढे तलाव साठतात, १९९० ते २०१८ मध्ये जगातल्या अशा तलावांमधलं पाणी साधारण निम्म्याने वाढलं. सिक्कीमला ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक तलावाच्या कडेची गोठलेली दरड पाण्यात कोसळली, लाट उठली, बांध फोडून पाणी तीस्तेत आलं आणि चुंगथांगचं ६० मीटर उंच धरण गेलं. तिथेही सुरुवात डिंकापासूनच. शिवाय बर्फावर पाऊस पडला की दोन्ही पाणी एकदम खाली येतं, आणि ओल्या बर्फाचे लोट कोसळतात ते वेगळंच, ते आज राहिलं.

उपाय आहेत हो. नेपाळमध्ये २०१६ साली इम्जा तलावाची पातळी ३ मीटरहून जास्त खाली आणली. पण कडा असा उपसता येत नाही, त्याच्यावर नजरच ठेवावी लागते. स्वित्झर्लंडच्या ब्लाटेनमध्ये वरून दगड हिमनदीवर पडायला लागले तेव्हाच सुमारे ३०० लोकांना बाहेर काढलं, मग २८ मे २०२५ ला हिमनदी कोसळली, जवळजवळ सगळं गाव गाडलं गेलं, एक माणूस गेला, बाकीचे वाचले.

आणि म्हणून मी त्या शब्दावर इतका वेळ घालवला. धोकादायक तलावांच्या याद्या आहेत आपल्याकडे, त्यात रोंटीचा कडा कुठून येणार? घटनेच्या कितीतरी आधीच्या उपग्रहाच्या फोटोंत त्या बर्फातली भेग दिसते, वर्षागणिक रुंद होत गेलेली.

हो, विचारा. माइक द्या त्यांना.